नाकतपासणीची यादी

मिस्त्रीच्या नाकाला भोक होतं. चमकीसाठी टोचतात तसं बाहेरून नव्हे हो, आत, दोन नाकपुड्यांच्या मधला जो पडदा असतो ना, त्याला. चांगलं वाटाण्याएवढं. आणि लाज वाटायची सोडून या गृहस्थाला त्याचा केवढा अभिमान! नवा माणूस कामाला लागला की चहाच्या सुट्टीत मिस्त्री पॅकिंगचा पांढरा दोरा मागवायचा, टोक ओलं करून एका नाकपुडीत सरकवायचा, दुसरीतून बाहेर काढायचा आणि दोन्ही टोकं धरून खालीवर ओढून दाखवायचा. नवा माणूस पांढराफटक पडायचा, बाकीचे हसून हसून लोळायचे. "हे भोक पडलं की समजायचं गडी कामात मुरला," असं वर ज्ञान पाजळायचा.

भोक पडलं मिठानं. आता मीठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. या कारखान्यात बोल्ट, कड्या, बिजागऱ्या बनायच्या. त्यांना आधी जस्ताचा मुलामा द्यायचा आणि मग नारिंगी पाण्याच्या टाकीत अर्धं मिनिट बुचकळायचं. बाहेर काढलं की पिवळीधमक झळाळी येते आणि गंज लागत नाही. ते पाणी ज्या मिठाचं करतात ते सोडियम डायक्रोमेट. खडे इतके देखणे की लहान मूल गोळी समजून तोंडात टाकेल, आणि टाकलं तर संपलंच. हवेतली ओल पिऊन पिंपातल्या पिंपात त्याची दगडासारखी ढेप होते. या मिठाची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ते दुखवत नाही. आम्ल हातावर पडलं तर माणूस बोंब मारतो, पाण्याकडे धावतो. हे मेलं गुपचूप काम करतं. बारीक पूड नाकात जाऊन बसते, पडद्याला व्रण होतो, खपली धरते, खपली पडते, थोडं रक्त येतं आणि एके दिवशी आरपार. फुप्फुसात काय करतं ते तर वीस वर्षांनी कळतं. तोवर ज्यानं सांगायचं तो घरी बसून पेपर वाचत असतो.

बरं, मिस्त्रीला हे माहीत नव्हतं असं म्हणाल तर तसंही नाही. मिठाच्या कोठीत भिंतीवर अकरा सूचनांचा कागद होता आणि मिस्त्रीला तो तोंडपाठ होता. प्रत्येक नव्या माणसाला उभं करून तो घडाघडा म्हणून दाखवायचा. मुखवटा आणि हातमोज्यांशिवाय पिंप उघडू नये. धूळ ओढणारा पंखा चालू असल्याशिवाय वजन करू नये. ढेप फोडू नये, तशीच कोमट पाण्यात विरघळू द्यावी. लाकडाचा भुसा, कापड, तेल जवळ ठेवू नये, आग भडकते. सांडलं तर झाडू नये, पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं टिपावं आणि ते फडकं न धुता वाळू देऊ नये. अकराच्या अकरा सूचना झाल्या की मिस्त्री खाकरायचा आणि म्हणायचा, "हे झालं कागदाचं. आता कामाचं सांगतो." आणि कोपऱ्यातला हातोडा काढायचा. ढेप विरघळायला तास लागतो, टाकी तोवर रिकामी बसणार का? घाला घाव. पंखा लावला की वाऱ्यानं तराजूचं पारडं हलतं, वजन चुकतं, रंग बिघडतो. करा पंखा बंद. मुखवट्यात घाम येतो. टांगा खिळ्याला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाई यायच्या आणि या खात्यातल्या माणसांची नाकं तपासायच्या. एखाद्याच्या पडद्यावर व्रण दिसला तर त्याला मिठापासून हलवायचं, आणि दोन-तीन सापडले तर खातंच बंद करून पंखे, टाक्या सगळं तपासायचं, असा नियम होता. मिस्त्रीच्या खात्यात अकरा वर्षांत एकही व्रण सापडला नव्हता. दारावर तसं सांगणारी पितळी पाटी होती, साहेबांनी स्वतः लावलेली. आता हा चमत्कार कसा, तर ऐका. तपासणीच्या सकाळी मिस्त्री खात्यातल्या सगळ्यांची यादी करायचा. ज्यांच्या नाकातून रक्त येत असेल त्यांची नावं खोडून त्यांना त्या दिवसापुरतं माल चढवायला मागच्या अंगणात पाठवायचा आणि तेवढीच माणसं पॅकिंगमधून आणून रांगेत उभी करायचा. कपडे सगळ्यांचे सारखेच. डॉक्टरीणबाई तरी किती चेहरे लक्षात ठेवणार?

त्या सकाळीही त्यानं चार नावं खोडली होती. त्यातला एक घोगऱ्या. टाकीवर वीस वर्षं काढून त्याचा आवाज असा बसला होता की तो हसला तरी खोकल्यासारखं वाटायचं. चौघांनाही सवय होती. "चला, हवापालट," म्हणत ते चहा पिऊन अंगणात जायच्या बेतात होते.

आणि यादीत एक नाव असं होतं की ते मिस्त्रीनं खोडलंही नव्हतं आणि त्यावर बरोबरची खूणही केली नव्हती. ते त्याच्या लेकीचं.

लेक आठ महिन्यांपूर्वी कामाला लागली होती. मिठाचं वजन करायचं आणि पाणी बनवायचं काम. हात असा नेमका की पाच ग्रॅम इकडचं तिकडे व्हायचं नाही. "माझ्यावर गेलीय," असं मिस्त्री ज्याला त्याला सांगायचा. पहिल्याच दिवशी गेटवर त्यानं तिला बजावलं होतं, "हे बघ, बाबा घरी. आत आल्यावर मी मिस्त्री. उगाच कुणी म्हणायला नको, पोरीला पाठीशी घालतो म्हणून." तेव्हापासून ती आत मिस्त्री म्हणायची, घरी बाबा. कधी चुकायची नाही. आणि पाठीशी घालत नाही हे दाखवायच्या नादात या शहाण्यानं तिला सगळ्यांच्या आधी हातोडा दिला. पंखा बंद करायलाही त्यानंच शिकवलं.

पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी ती उशीचा अभ्रा घेऊन त्याच्यासमोर आली होती. अभ्र्यावर रुपयाएवढा तांबडा डाग.

"बाबा, रोज येतंय रक्त. आणि श्वास घेतला की नाकात शिट्टी वाजल्यासारखं होतं."

मिस्त्री बुटांना पॉलिश करत होता. त्यानं डाग पाहिला. त्याला तत्क्षणी कळलं. कळणार नाही का हो, त्यातूनच गेलेला माणूस! पण तो म्हणाला काय, "सुरुवातीला सगळ्यांचंच येतं. मलम लाव आणि गप पड." आतून बायकोनं विचारलं, काय झालं गं? तर तिलाही यानंच उत्तर दिलं, "काही नाही, उष्णता." लेकीनं अभ्रा धुऊन टाकला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मिस्त्रीनंही काढला नाही. त्याला आपलं वाटलं, विषय नाही म्हणजे आजारही नाही.

तर त्या सकाळी चहाच्या वेळी घोगऱ्यानं तिची थट्टा सुरू केली. "काय गं, तुझं नाव खोडलं का नाही? का मिस्त्रीची पोर म्हणून तुझ्या नाकाला सोन्याचा पडदा बसवलाय?"

लेक हसली. "थांबा काका, दाखवते," म्हणाली. तिनं पॅकिंगच्या टेबलावरून दोरा तोडून घेतला, टोक जिभेवर ओलं केलं, मान मागे केली. क्षणभर डोळ्यांतून पाणी आलं. मग दुसऱ्या नाकपुडीतून टोक बाहेर आलं. तिनं दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि थेट बापाकडे बघत दोरा दोनदा खालीवर ओढला.

"काय मिस्त्री, मुरले की नाही कामात?"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. घोगऱ्या तर पोट धरून खोकल्यासारखा हसत सुटला. "खाण तशी माती!" कुणीतरी ओरडलं. आणि मिस्त्री, ज्याच्या लेकीच्या नाकाला भोक पडलं होतं तो तिचा सख्खा बाप, तोही हसला. सवयीनं हसला. दात दिसेपर्यंत हसला. हसू तोंडावर असतानाच त्याला दिसलं की दोऱ्याला लालसर काहीतरी लागलंय आणि पोरगी ते अंगठ्याखाली लपवतेय. पण हसून झालं होतं. हसू काही परत घेता येत नाही.

लोक पांगले तशी ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मग मीपण जाते ना अंगणात? डॉक्टरांनी बघितलं तर वजनावरून काढतील मला."

इथं त्यानं काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं आणि त्यालाही कळत होतं. डॉक्टरीणबाई गेटवर पोचल्या होत्या. त्यांना पोरीला बघू दिलं तर आजपासून मिठाचं काम सुटणार, जे काही वाचायचं राहिलंय ते वाचणार. पाठवलं अंगणात तर उद्या सकाळी ती पुन्हा हातोडा घेऊन ढेपेसमोर. मिस्त्रीनं दाराकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. खिशातून यादी काढली आणि लेकीचं नाव खोडलं.

"जा," म्हणाला. "घोगऱ्याबरोबर थांब."

ती गेली. पाचवी म्हणून पॅकिंगमधली एक बाई रांगेत आली. मिस्त्रीनं तिच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई टेबलाशी बसल्या. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, बोलायला मऊ. एकेकाला खुर्चीत बसवायचं, मान मागे, नाकात छोटा चिमटा, बॅटरी. "छान. पुढचे." पुन्हा, "छान. पुढचे." मिस्त्री बाजूला यादी धरून उभा. प्रत्येक 'छान' त्याच्या कानाखाली बसत होतं. पॅकिंगची बाई खुर्चीत बसली, डॉक्टरीणबाईंनी लेकीच्याच रकान्यात तिचं नाक लिहिलं आणि मान डोलावली. "आठ महिने मिठाच्या वजनावर, आणि पडदा इतका स्वच्छ! वा." मिस्त्रीला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. पण धरणी असल्या फालतू कामासाठी दुभंगत नसते.

शेवटी त्या म्हणाल्या, "आजवर तुमचं नाक बघायचं राहूनच गेलंय. आता तुम्ही बसा."

तो बसला. बॅटरीचा उजेड नाकात गेला. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि चष्मा वर केला.

"हे जुनं आहे. किती वर्षं झाली?"

"एकोणतीस."

"हं. त्या काळात तुम्हाला कुणी सांगितलं नसणार." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण एक सांगू का? मी बऱ्याच कारखान्यांत जाते. ज्यांना स्वतःला झालंय ते बहुतेक कडवट होतात, म्हणतात, आम्ही भोगलं, यांनीपण भोगावं. तुम्ही तसे नाही. तुमच्यावर बेतलं तरी या बाकीच्यांना तुम्ही वाचवलंत. तुमच्यामुळे या सगळ्यांची नाकं शाबूत आहेत."

शिवी दिली असती तर मिस्त्रीनं पचवली असती. तीस वर्षांत साहेबांच्या कितीतरी पचवल्या होत्या. पण हे! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान मागे टाकलेलीच होती, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. बाईंना वाटलं, चिमटा टोचला. "दुखलं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "दुखत नाही. दुखत नाही हेच तर..." तो उठला, हातातली यादी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि खोडलेल्या नावांवर बोट टेकवलं. "ही पाच माणसं मागं अंगणात आहेत. मी लपवलीत. तुम्ही तपासलीत त्यातली पाच पॅकिंगची आहेत. दर वेळी असंच करतो मी. अकरा वर्षं."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

तो स्वतः गेला. अंगणात पाचही जण खोक्यांवर बसून गप्पा मारत होते. "चला आत, तपासणीला," तो म्हणाला. घोगऱ्याला वाटलं, थट्टा करतोय. "मिस्त्री, डोकं फिरलं काय? खातं बंद पडेल." मिस्त्रीनं मान हलवली. "पडू दे." लेक उठली. चालताना तिनं बापाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पावलं भराभर उचलली.

चौघांना व्रण निघाले. घोगऱ्याच्या घशाचीही तपासणी करायला हवी असं ठरलं. तोवर साहेब दारात येऊन उभे राहिले होते, पॅकिंगची माणसं, टाकीवरची माणसं, सगळी गोळा झाली होती. शेवटी लेक खुर्चीत बसली. ज्यांनी तासापूर्वी टाळ्या वाजवल्या त्यातलं आता कुणी तिच्याकडे बघेना.

बाईंनी उजेड टाकला. बघताना त्यांचा श्वास किंचित थांबला, तेवढं मिस्त्रीला पुरे झालं.

"आरपार आहे," त्या म्हणाल्या. "कडेला अजून ओलं आहे. हे आता आपोआप बुजणार नाही बाळा. मोठं होऊ नये एवढं मात्र करता येईल, आणि त्यासाठी आजपासून मिठाला हात लावायचा नाही. दरवर्षी छातीचा फोटो काढायचा. नोकरी सुटली, गाव सुटलं, तरी काढायचा. कळलं?"

तिनं मान हलवली.

"रक्त कधीपासून येतंय?"

"पाच महिने."

बाईंनी छापील कागद पुढे ओढला. त्यात एक रकाना होता: त्रास प्रथम कोणाला कळवला. "कुणाला सांगितलं होतंस?"

लेकीनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. साहेब बघत होते, सगळं खातं बघत होतं. "कुणालाच नाही," ती म्हणाली. "माझीच चूक. मीच अंगावर काढलं."

बाई लिहायला वाकल्या. पोरीचा आवाज सरळ होता, जराही थरथरला नव्हता. खोटं बोलायचंही तिनं नेमक्या हातानं तोललं होतं. आणि मिस्त्रीला कळलं की हे एवढं एक वाक्य आपण गिळलं तर आपण सुटलो. यादीचं प्रकरण निभेल. जुना माणूस, खात्याच्या नावासाठी केलं, चुकला, असं लोक म्हणतील आणि विसरतील. हे मात्र कुणी विसरणार नाही.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं. पाच महिन्यांपूर्वी. मी म्हणालो, मलम लाव आणि गप पड. मला माहीत होतं ते काय आहे."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग कागद आणि पेन त्याच्या बाजूला सरकवलं. "तुम्हीच लिहा. तुमच्या हातानं. नाव आणि हुद्दा."

मिस्त्रीनं पेन घेतलं. नाव लिहिलं. पुढे हुद्दा लिहायला लागला. 'मिस्त्री' असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

लेक खुर्चीतून उठली होती. तिनं कागदावर वाकून ते वाचलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली. "मिस्त्रीला सांगायची माझी छातीच नव्हती. मी बाबांना सांगितलं होतं."

मिस्त्रीनं पेन पुन्हा उचललं. हुद्दा खोडला. त्याच्यापुढे नातं लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यानं ते खालच्या समासात लिहिलं. कागद बाईंनी घेतला, घडी घातली आणि बाकीच्या कागदांवर ठेवला. लेक दाराकडे चालू लागली. तो तिच्या मागून निघाला, पण बरोबर चालायची त्याला हिंमत झाली नाही.